एक पिढी सोडून आई

लोस बान्योस हे गाव मनिलाच्या दक्षिणेला साठेक किलोमीटरवर आहे. एका बाजूला माकिलिंगचा डोंगर, दुसऱ्या बाजूला लगूना दे बाय हे अफाट सरोवर आणि मधल्या सपाटीवर भाताची खाचरं. 1960 साली इथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली. माझा नवरा तिथे नोकरीला होता, त्यामुळे आमच्या संसाराची काही वर्षं लगूना प्रांतात गेली. आम्ही संस्थेच्या आवारात न राहता जवळच्या एका वस्तीत भाड्याने राहिलो. घरमालकीण साठी ओलांडलेली होती. सगळी वस्ती तिला लोला म्हणायची, म्हणजे आजी. आम्हीही लोलाच म्हणू लागलो. तिचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक अंगण होतं. फिलिपिन्सच्या गावातलं बालपण मला कळलं ते त्या अंगणात.

गावाकडच्या बालपणाचा विषय निघाला की बोलणं ठरलेल्या वाटेने जातं. तेव्हाची पोरं चिखलात लोळायची, झाडावर चढायची, आताच्यांच्या हातात मोबाइल. लगूनात हे ऐकलंय आणि माझ्या माहेरी पेणलाही. त्यात खोटं काही नाही, पण त्या घरात मी जे पाहिलं ते या तक्रारीत कुठेच बसत नाही. तिथे मूल वाढवण्याचं काम एक पिढी सोडून होऊ लागलं होतं. आजीने वाढवायचं, आईने पैसे पाठवायचे. आई म्हातारी होऊन परत यायची तेव्हा तिची मुलगी परदेशी निघालेली असायची, आणि मुलीचं मूल हिच्या मांडीवर.

लोलाचा जन्म 1937 चा. नऊ भावंडांतली ती तिसरी. वडील कुळ होते. पीक निघालं की अर्धं मालकाच्या कोठारात जायचं. भात वर्षातून एकदाच व्हायचा आणि जुन्या जाती पाच-सहा महिने शेतात उभ्या असायच्या. तेवढ्या काळात मुलांच्या वाटणीला कामं ठरलेली. लावणीला बायका ओळीने वाकलेल्या, बांधावर एखादा गिटार वाजवणारा, आणि रोपांच्या जुड्या पोचवायची धावपळ पोरांची. दाणा भरू लागला की पहाटेपासून पाखरं राखायची. कापणीनंतर सरवा वेचायचा. सरव्याचं धान्य वेचणाऱ्याचं, त्याला मालकही हात लावत नसे. लोलाला हे सांगताना फार बरं वाटायचं, कारण तिच्या लहानपणी घरातलं जे खरंखुरं तिचं होतं ते एवढंच.

खाचरातलं पाणी नुसतं भाताचं नव्हतं. त्यात गोगलगायी सापडत, तिथे त्यांना कुहोल म्हणतात. बेडूक, मरळ, मागूर सापडत. बांधालगत कांगकोंग उगवे, ती आपली नाळीची भाजी. कुंपणाला मालुंगाय, म्हणजे शेवगा. संध्याकाळी सात-आठ वर्षांची पोरगी टोपलीत कालवणाचं सामान घेऊन घरी येई, आणि त्या दिवसाचं जेवण खरोखर तिच्यामुळे होई. रेड्याला ओढ्यावर न्यायचं, धाकट्याला कडेवर घेऊन भात शिजवायचा, यातच मध्ये खेळ. लोला म्हणायची, "आम्हाला खेळायला वेगळा वेळ दिला नव्हता. आम्ही कामातून तो काढायचो." शाळा चौथीपर्यंत.

त्यात युद्ध आलं. 23 फेब्रुवारी 1945 च्या सकाळी अमेरिकन छत्रीधारी सैनिक लोस बान्योसमधल्या जपानी छावणीवर उतरले आणि दोन हजारांहून जास्त कैद्यांना सोडवून सरोवरापलीकडे घेऊन गेले. त्या सुटकेवर पुष्कळ लिहिलं गेलंय. सैनिक आणि कैदी निघून गेल्यावर जपान्यांनी आसपासच्या गावकऱ्यांची कत्तल केली, ते मात्र बाहेर कमी जणांना ठाऊक आहे. लोला सात-आठ वर्षांची. तिच्या आईने सगळ्या पोरांना घेऊन माकिलिंगचं रान गाठलं. लोला त्या रात्रीबद्दल एवढंच सांगायची की आईने अंधारात पुन्हा पुन्हा सगळ्यांच्या डोक्यांवर हात ठेवून मोजणी केली.

मग 1966 साली संस्थेने आयआर 8 हे वाण दिलं. आपल्याकडच्या 'रत्ना' भातातही त्याचा अंश आहे. माझे वडील रत्ना लावायचे, त्यामुळे लोलाच्या अंगणात बसून भाताच्या गोष्टी ऐकताना मला परकं वाटलं नाही. पीक चार महिन्यांवर आलं, पुढे आयआर 36 सारखी वाणं त्याहून लवकर तयार होऊ लागली. कालव्याचं पाणी मिळालं तिथे वर्षातून दोनदा भात निघू लागला. 1972 च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष मार्कोसने लष्करी कायदा लावला आणि महिन्याभरात भात-मक्याच्या जमिनींसाठी कुळांच्या बाजूचा हुकूमही काढला. लोलाच्या नवऱ्याची अर्धेली सुटून ठरावीक खंड आला. त्या राजवटीचं लोला कधी कौतुक करत नसे, तिचा एक भाचा त्या काळात नाहीसा झाला होता. पण खंड ठरल्यामुळे हातात पैसा राहिला हे ती मान्य करी.

ज्यांच्याकडे कुळ म्हणूनही जमीन नव्हती त्यांना यातलं काही मिळालं नाही. मजूर वाढत गेले, काम तेवढंच राहिलं. पूर्वी कापणीला कोणीही यावं आणि कापलेल्याचा सहावा हिस्सा घेऊन जावं अशी रीत होती. नंतर गामा नावाची पद्धत आली. ज्याने बेणणी फुकट करून दिली त्यालाच कापणीचा हक्क. हिस्सा सहावाच, पण मेहनत वाढली. त्या घरांतली पोरं बेणणीला जात राहिली आणि लोलाची पोरं शाळेत जाऊ लागली. एकाच वस्तीत, एकाच वयाच्या मुलांची बालपणं तिथे फुटली, आणि माझ्या मते फिलिपिन्सच्या गावातला सगळ्यात मोठा बदल मोबाइलच्या कितीतरी आधी, त्या बांधावर झाला.

लोलाने दुसऱ्या पिकाचा पैसा दागिन्यांत घातला नाही, घरावरही नाही. मोठ्या लेकीच्या शिक्षणात घातला. तिला घरात सगळे आते म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. आम्हीही तेच म्हणायचो. आते आयआर 8 च्या आगेमागेच जन्मली. तिच्या लहानपणी खाचरातली गोगलगाय कमी होत चालली होती, फवारे आले होते. ऐंशीच्या दशकात खाण्यासाठी म्हणून बाहेरून आणलेली सोनेरी गोगलगाय शेतात सुटली आणि कोवळी रोपं फस्त करू लागली. आईने जी टोपलीत भरून आणली, ती लेकीने पायाखाली चिरडली. आतेला शेतात फारसं जावंच लागलं नाही. तिचं काम अभ्यास करणं. पण हे काम तिचं एकटीचं नव्हतं. ती शिकली की तिने मागच्यांना शिकवायचं, हे न बोलता ठरलेलं होतं. ती शिक्षिका झाली. पगारातून दोन भावांची फी भरू लागली, आणि तो पुरेना.

मार्कोस सरकारने 1974 च्या कामगार कायद्यात परदेशी नोकऱ्यांची व्यवस्था सरकारी पातळीवर लावून दिली होती. तेलाच्या किमती भडकल्या होत्या, आखाताला माणसं हवी होती, देशात काम नव्हतं. तात्पुरता उपाय म्हणून सुरू झालेली ती वाट पुढे कधी बंद झाली नाही. आधी पुरुष गेले, बांधकामावर आणि जहाजांवर. मग हाँगकाँग, सिंगापूर, तैवान इथे घरकामाला बायका लागू लागल्या. हाँगकाँगमधल्या मोलकरणीचा पगार गावच्या शिक्षिकेच्या दुपटीहून जास्त होता. नव्वदच्या दशकात पदवीधर शिक्षिका दुसऱ्यांची मुलं सांभाळायला निघाल्या. आते त्यांतली एक. तिची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

दोन वर्षांचा करार, मालकाच्याच घरात राहायचं, करार संपला की थोडी रजा, मग पुन्हा नवा करार. रविवारी सुट्टी. त्या दिवशी हाँगकाँगच्या मध्यवर्ती भागात, बँकांच्या उंच इमारतींखाली, हजारो फिलिपिनो बायका पुठ्ठे अंथरून बसतात, जेवतात, पत्र लिहितात, एकमेकींचे केस कापतात. आतेने त्या पुठ्ठ्यावर बसून घरी पाठवलेल्या आवाजाच्या कॅसेट लोलाने डब्यात ठेवल्या होत्या. मी त्यांतली एक ऐकली आहे. मागे गाड्यांचा आवाज, आणि आते मुलीला पाढे म्हणायला लावतेय. तिच्या उत्तरासाठी मध्ये थांबते, रिकामी जागा सोडते, मग "शाब्बास" म्हणते. मुलगी इकडे लगूनात कॅसेट लावून त्या जागेत पाढा म्हणायची.

आणि खोका यायचा. बालिकबायन खोका तिथे प्रत्येक घराला माहीत आहे. माणसाएवढा पुठ्ठ्याचा खोका, जहाजाने यायला आठवडे लागतात. त्यात साबण, टॉवेल, डबाबंद मांस, चॉकलेटं, कपडे, बूट. बुटांचं माप कळावं म्हणून मुलीचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ ओढायची आणि तो कागद पत्रातून पाठवायचा. आतेने ते सगळे कागद जपून ठेवले होते. तिने ते मला दाखवले तेव्हा एकावर एक रचून दाखवले, लहान पाय आत, मोठा बाहेर. ती म्हणाली, "तिची वाढ मी अशी पाहिली." मी काही बोलू शकले नाही.

आम्ही तिथे राहत होतो तेव्हा ती मुलगी बारा-तेरा वर्षांची होती. ती लोलाला 'नानाय' म्हणायची, म्हणजे आई. आईला 'मामा' म्हणायची. आते रजेवर आली की पहिल्या दिवशी मुलगी पुढे येऊन तिचा हात कपाळाला लावायची. मोठ्यांना भेटल्यावर तिथे असा हात कपाळाला लावतात, त्याला मानो म्हणतात. रीत अगदी योग्य होती. पण दूरच्या मावशीलाही ती अशीच भेटायची. रात्री आते मुलीला कुशीत घेऊन झोपायची आणि मुलगी मध्यरात्री उठून लोलाच्या चटईवर जायची. मला हे खुद्द आतेनेच सांगितलं, आणि त्यात मुलीबद्दल जराही राग नव्हता. "तिला झोप तिथेच येते," ती म्हणाली.

इथे मला एका गोष्टीचा संताप आहे, तो लिहून टाकते. गावात, चर्चमध्ये, वर्तमानपत्रांत आई परदेशी गेली की मुलं बिघडतात हे वाक्य मी वारंवार ऐकलं, वाचलं. वस्तीतले कितीतरी बाप जहाजावर होते, वर्षवर्ष दिसत नव्हते, त्यांच्याबद्दल कोणी असं म्हणालं नाही. आतेचा नवरा गावातच होता. माणूस वाईट नव्हता, पण मुलीची वेणी त्याने कधी घातली नाही, ताप आला तर लोला किंवा एखादी आत्या जागायची. बाई घराबाहेर पडली तेव्हा तिचं काम पुरुषाकडे आलंच नाही, दुसऱ्या बाईकडे गेलं. आमच्या कोकणातले चाकरमानी मुंबईच्या गिरण्यांत गेले, मनीऑर्डरीवर घरं चालली, मागे बाया आणि पोरं राहिली. त्या बापांवर पोरं टाकून गेल्याचा ठपका कोणी ठेवला नव्हता. 1995 च्या मार्चमध्ये फ्लोर कोन्टेम्प्लासिओन या घरकामगार बाईला सिंगापुरात फाशी झाली तेव्हा सगळा देश रडला, तिच्या मुलांचे फोटो घरोघर पोचले, आणि त्याच वर्षी परदेशी कामगारांच्या संरक्षणाचा कायदा झाला. लोलाने ते फोटो कापून ठेवले होते. तरीही पुढच्या वर्षांत जाणाऱ्या बायका वाढतच गेल्या. देशाला 2023 साली बाहेरून आलेली रोख रक्कम 33 अब्ज डॉलरच्या वर होती. इतका पैसा पाठवणाऱ्यांना बेजबाबदार म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

आम्ही भारतात परतलो. मोबाइल, मग व्हिडिओ कॉल यांमुळे संबंध टिकला. काही वर्षांनी आतेची मुलगी नर्स झाली आणि एका मुलीची आई झाली. मूल शाळेत जाण्याच्या वयाचं होण्याआधी ती इंग्लंडमधल्या एका इस्पितळात रुजू झाली. त्याच सुमारास आते हाँगकाँगहून कायमची परत आली. एक उतरली, दुसरी चढली. मनिलाच्या विमानतळावर त्या दोघींची गाठ पडेल अशा बेताने तिकिटं काढली होती.

करोनात लोला गेली. फिलिपिन्सच्या गावात मयताच्या घरी आठवडाभर, कधी जास्तही, जागरण चालतं. लोक येतात, पत्ते खेळतात, कॉफी पितात, परदेशातल्या माणसाला पोचायला वेळ मिळावा म्हणून मुक्काम लांबवतात. त्या वर्षी तसलं काही झालं नाही. नात इंग्लंडमध्ये रुग्णांना श्वास मिळावा म्हणून धडपडत होती आणि ज्या आजीला ती आई म्हणायची तिचं दफन तिने फोनवर पाहिलं.

शाळा पुन्हा पूर्ण सुरू झाल्यावर आम्ही भेटायला गेलो. त्या देशातल्या शाळा मार्च 2020 मध्ये बंद झाल्या आणि प्रत्यक्ष वर्ग थोड्या ठिकाणी उघडायलाच नोव्हेंबर 2021 उजाडला. मधल्या काळात छापील धड्यांचे गठ्ठे घरोघर वाटले गेले. आते पुन्हा शिक्षिका झाली, एका विद्यार्थिनीची. मोलकरीण म्हणून जी वर्षं गेली त्यांत तिच्या हातात खडू नव्हता. पणती, म्हणजे तिची नात, त्या दोन वर्षांत वाचायला शिकली ती आतेच्या मांडीवर. आते हे सांगताना इतकी खुलली की करोनाचा विषय चाललाय हे आम्ही विसरलो. "माझ्या मुलीला पाढे मी कॅसेटमधून शिकवले. हिला बोट धरून शिकवलं."

वस्ती बदलली होती. बांबू आणि निपाच्या पानांचं घर आता दिसत नाही. सिमेंटचे पोकळ ठोकळे, वर पत्रा, आणि पुढच्या मजल्यासाठी गच्चीतून वर आलेल्या सळया. जुनं निपाचं घर हलवायचं असलं की वीस-तीस पुरुष बांबूंवर ते आख्खं उचलून नेत, लोलाच्या लग्नात तसं झालं होतं. लोलाचं निम्मं शेत मुलांनी विकलं, तिथे बंगल्यांची वसाहत आली. उरलेल्यात कापणीला यंत्र येतं. लोक त्याला हालिमाव, राक्षस म्हणतात. सकाळी येतं, दुपारपर्यंत धान्य पोत्यात. सरवा उरत नाही. 2019 च्या कायद्याने आयात खुली झाल्यापासून भाताचा भाव पडला आणि शेतात उरलेल्यांत मला सगळे पन्नाशीपुढचेच दिसले.

कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाबाहेर पिसो वायफायची पेटी टांगलेली. एक पेसोचं नाणं टाकलं की काही मिनिटं इंटरनेट. तिच्याखाली पोरं उकिडवी बसलेली, माना खाली. माझा नवरा म्हणाला, "बघ, खेळ संपले." मला ते पटलं नाही. आम्ही राहत होतो तेव्हा संध्याकाळी अंगणात पातिंतेरो रंगायचा. जमिनीवर पाणी ओतून रेघा आखायच्या, एका संघाने रेघा राखायच्या, दुसऱ्याने निसटायचं. त्याला दोन्ही बाजूंना चार-पाच पोरं लागतात. डबा मांडून चपलेने उडवायचा तुम्बांग प्रेसोही दोघांत रंगत नाही. 1973 मध्ये त्या देशात एका बाईला सरासरी सहा मुलं होत, 2022 च्या पाहणीत हा आकडा 1.9 वर आला. लोलाला स्वतःच्या घरातच दोन संघ मिळायचे. तिच्या पणतीला गल्लीत सगळी मिळून तीन मुलं आहेत, त्यांतलं एक अजून रांगतंय. ती फोन घेऊन बसते, तर मी तिला काय सांगू? त्याच फोनवर तिची आई रात्रपाळी संपवून येते, तेव्हा इकडे दुपार असते. मुलगी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून जेवते आणि आई तिकडे तिच्याबरोबर जेवते. दोघींच्या ताटात भात. मुलगी गणवेशातच असली तर कपाळ पडद्याला लावून मानो करते. ती आईला आईच म्हणते. तिच्या आईला लहानपणी आपल्या आईचा चेहरा वर्षानुवर्षं दिसला नव्हता, हे लक्षात ठेवून मी त्या फोनबद्दल बोलायला शिकले.

आता मुलीचा व्हिसा झालाय. पुढच्या शाळेच्या वर्षापासून ती आईकडे राहील. या घरात तीन पिढ्यांत प्रथमच मूल आईकडे जातंय, आणि त्यासाठी ते गाव सोडतंय. मला आनंद झाला. फोनवर मी तसं म्हटलंही. आते म्हणाली, "व्हायलाच हवं होतं," आणि लगेच सांगू लागली की तिकडच्या शाळेत डबा नेतात की तिथलंच जेवतात हे अजून कळलेलं नाही, आणि थंडीचे बूट इथे घ्यावेत की तिकडे.

आतेची मुलगी तिलाही बोलावतेय. आते नाही म्हणते. लोलाची कबर आहे, 1 नोव्हेंबरला तिथे मेणबत्त्या लावून रात्र काढायला कोणी हवं, हे कारण ती सगळ्यांना सांगते. मला वेगळं सांगितलं. "मी इतकी वर्षं दुसऱ्याच्या घरात, त्यांच्या मुलांच्या खोलीतल्या अरुंद पलंगावर झोपले. मला आता माझ्या घरात झोपायचंय." मी तिला आग्रह केला नाही.

तिच्या शेजारची बाई नुकतीच कुवेतला गेली. तिचा तीन वर्षांचा मुलगा दुपारी आतेकडेच जेवतो.